मधोमध गोटा, कडेला नवाकोरा: क्रूझरच्या टायरची निवड आणि निगा

ताम्हिणी उतरून विळ्याच्या अलीकडे माझ्या मिटिऑर ३५० या रॉयल एनफील्डच्या क्रूझरच्या मागच्या चाकात खिळा घुसला. पंक्चरवाल्याने खिळा उपसायच्या आधी टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, पंक्चर काढून देतो, पण टायर गेलाय तुमचा." मला काही पटेना. कडेची नक्षी चांगली खोल होती, नव्या टायरवर असतात ते रबराचे केस अगदी टोकाला अजून शाबूत होते. त्याने मोबाइलची बॅटरी लावून मधोमध उजेड पाडला. तिथे चार बोटं रुंदीचा सपाट पट्टा पडला होता. मी आठवड्यातून दोनदा गाडी पुसत होतो, आणि दर वेळी बघत होतो ती फक्त कड.

क्रूझरचं दुखणं हेच आहे. लांब व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर), खाली आणि मागे सरकलेली सीट, पुढे टाकलेले पाय, त्यामुळे तुमचं, मागे बसणाऱ्याचं आणि पिशव्यांचं बहुतेक ओझं मागच्या चाकावर येतं. गाडी वजनदार. मिटिऑर ३५० पेट्रोल-तेलासह १९१ किलो, सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलो. त्यात आपण ती चालवतो कुठे, तर पुणे-सातारा-कोल्हापूरसारख्या सरळसोट रस्त्यांवर, तासन्‌तास उभ्याच्या उभी. कडेचं रबर रस्त्याला लागतच नाही. समृद्धीवर आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, नाहीतर मधला पट्टा याहून लवकर पडला असता.

म्हणून क्रूझरसाठी टायर घेताना आणि सांभाळताना बाकीच्या गाड्यांचे सगळेच नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. क्रमाने बघू.

आधी जुना टायर वाचून घ्या

दुकानात जायच्या आधी घरी दहा मिनिटं खाली बसा आणि दोन्ही टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वहीत उतरवा. फोटोही चालेल, पण लिहिलं की डोक्यात राहतं. उदाहरणादाखल मिटिऑर ३५० चा मागचा टायर घेऊ: १४०/७०-१७ ६६पी.

१४० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास इंचात. मधे आडवी रेघ असेल तर टायर बायस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे; 'आर' असेल तर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे; 'बी' असेल तर पट्टा घातलेला बायस. सुपर मिटिऑरचा मागचा टायर १५०/८० बी१६ ७१एच आहे, तो या तिसऱ्या प्रकारातला.

शेवटचा आकडा आणि अक्षर बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि क्रूझरसाठी तेच महत्त्वाचं. ६६ हा भाराचा आकडा. तो टायर ३०० किलोपर्यंत भार पेलतो. पुढच्या टायरवर ५७ असेल तर २३० किलो, ७१ असेल तर ३४५ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, 'एच' म्हणजे २१०. नवीन टायरवरचा भाराचा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठाच हवा. नवरा-बायको, दोन सॅडल बॅग आणि मागे बांधलेला तंबू घेऊन कोकणात उतरणाऱ्याने तर यात एक पायरीही खाली येऊ नये.

माप तेच ठेवा

मागून जाडजूड टायर दिसला की क्रूझर कशी भारदस्त वाटते, हे मलाही कळतं. पण हिशोब करून बघा. १४०/७०-१७ च्या जागी १५०/७०-१७ घातला तर चाकाचा व्यास १४ मिलिमीटरने वाढतो, मागची बाजू ७ मिलिमीटर उचलली जाते, आणि रिम मात्र तीच राहते. तिच्या मानाने रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत चेपल्या जातात आणि माथा टोकदार होतो. म्हणजे ज्या मधल्या भागाची झीज आपल्याला कमी करायची होती, तोच भाग आणखी एकवटून रस्त्याला लागतो. चेन किंवा मडगार्डला घासायची भीती वेगळी. सरळ रस्त्यावर फरक कळत नाही. आंबोलीच्या वळणात गाडी झोपवायला गेलं की कळतो.

तेव्हा माप कंपनीचंच. बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझला मागे १३०/९०-१५ आणि पुढे ९०/९०-१७, मिटिऑरला पुढे १००/९०-१९. अ‍ॅव्हेंजरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: १५ इंची मागचा टायर आणि ट्यूब प्रत्येक टपरीवर मिळेलच असं नाही. झीज दिसायला लागली की आधीच मागवून ठेवा.

पुढे रेडियल आणि मागे बायस अशी खिचडी करू नका, गाडी कंपनीकडूनच तशी आली असेल तरच. दोन्ही टायर एकाच कंपनीच्या एकाच जोडीतले असले तर उत्तम, कारण ते एकमेकांसाठी बनवलेले असतात. मात्र दोन्ही एकाच वेळी बदलायलाच हवेत असं नाही. क्रूझरचा मागचा टायर आधी संपतो. पुढचा शाबूत आणि ताजा असेल तर त्याला राहू द्या.

ट्यूब की ट्यूबलेस

हे टायरपेक्षा रिम ठरवते. अलॉय चाकांवर साधारणपणे ट्यूबलेस असतो. तारांच्या चाकांत प्रत्येक तारेसाठी रिमला भोक असतं, तिथून हवा जाते, म्हणून ट्यूब लागते. टायरवर 'ट्यूबलेस' छापलेलं आहे एवढ्यावर तारांच्या रिमला तो ट्यूबशिवाय चढवायचा नाही. रिम ट्यूबलेससाठी बनवलेली आहे की नाही ते बघायचं. तारांची भोकं चिकटपट्टीने आणि सीलंटने बुजवून ट्यूबलेस करून देणारे आहेत. शहरापुरती गाडी असेल तर करून बघा, पण २४० किलोची गाडी आणि घाटातला उतार यांच्यामध्ये एक चिकटपट्टी, हे माझ्या मनाला झेपत नाही.

कसलं रबर, कसली नक्षी

इथे जाहिरातींचा नुसता पूर असतो. मुळात गोष्ट साधी आहे. कडक रबर जास्त टिकतं, मऊ रबर जास्त धरतं. क्रूझरचे टायर बहुधा कडकपणाकडे झुकलेले असतात, कारण कंपन्यांना माहीत असतं की हे लोक लांब जाणार आणि सरळ जाणार. काही टायरमध्ये मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दुहेरी रबर असतं. परवडत असेल आणि तुमच्या मापात मिळत असेल तर क्रूझरसाठी हीच रचना सगळ्यांत शहाणपणाची.

नक्षीत बघायचं ते एवढंच: मधून बाहेरच्या बाजूला पाणी नेणारे तिरके चर आहेत का, आणि माथ्यावर रबर सलग आहे का. माथ्यावर रबराची बटनं सुटी सुटी असली की ती लांबच्या प्रवासात लवकर खाल्ली जातात आणि हँडलला थरथर येते. बटनांचे ऑफ-रोड टायर क्रूझरला लावलेले हल्ली बरेच दिसतात. फोटोला छान, ओल्या डांबरावर वाईट.

सिएट, एमआरएफ, टीव्हीएस युरोग्रिप, मिशेलिन अशी नावं तुम्हाला माहीतच आहेत. सिएटचा तर दुचाकी टायरचा कारखानाच नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. योग्य मापाचा, योग्य भाराचा आणि ताजा टायर नीट हवेवर चालवला, तर नावांमधला फरक तुमच्या-आमच्या चालवण्यात फारसा जाणवत नाही. शिळा टायर आणि कमी हवा असेल तर महागातलं नावही वाचवत नाही.

दुकानात: कोणत्या क्रमाने काय बघायचं

पहिल्यांदा जन्मतारीख. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षभराचाही चालेल. 'गोडाऊनमध्ये सावलीतच होता' हे वाक्य ऐकू आलं की दुसरा दाखवायला सांगा. शेजारी आयएसआयची खूणही बघून घ्या.

मग बाण. बहुतेक टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. काहींवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात, तेव्हा शब्दही वाचा. टायर चढवायच्या आधी बाणावर बोट ठेवून कामगाराला दाखवा. नंतर सांगितलं तर सगळं पुन्हा उतरवायला लागतं आणि त्याचं तोंड वाकडं होतं.

ट्यूबलेसमध्ये व्हॉल्व्ह टायरबरोबरच बदलून घ्या. रबरी व्हॉल्व्ह बुडाशी तडकतो आणि अशी हवा सोडतो की पंक्चर शोधून माणूस वैतागतो. ट्यूबच्या चाकात ट्यूब नवीन, आणि रिमवरची रबरी पट्टीही नवीन. तारेचं टोक टोचून होणारं पंक्चर या पट्टीवाचूनच होतं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणायचा, तो टायरचा हलका भाग असतो.

हवा भरताना दोन वेळा 'टप्प' असा आवाज येतो, टायरच्या दोन कडा रिमवर बसल्याचा. त्यानंतर चाक हळूहळू फिरवून रिमजवळच्या रबरावरची बारीक रेघ बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी आत बुडाली असेल तर कड बसलेली नाही. हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत भरायला सांगा. मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घेणं. "दुचाकीला काय करायचंय बॅलन्सिंग?" असं विचारणारे भेटतील. पुढचं १९ इंची चाक असलेल्या गाडीवर नव्वदच्या वेगात हँडल थरथरलं की उत्तर मिळतं.

मागचं चाक परत चढवल्यावर एक गोष्ट स्वतः तपासा: चेन ताणायच्या खुणा डावीकडे आणि उजवीकडे एकाच रेघेवर हव्यात. चाक तिरकं बसलं तर टायर एका बाजूने खाल्ला जातो आणि दोष टायरवर येतो. गाडी हलवायच्या आधी मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, आणि नट टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळलाय ना ते विचारा.

पहिले दोनशे किलोमीटर

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पकड पूर्ण उघडलेली नसते. दीड-दोनशे किलोमीटर शांतपणे चालवा, एकदम ब्रेक नको, एकदम ॲक्सिलरेटर नको, आणि गाडी रोज थोडी थोडी जास्त झोपवा. जुन्या सपाट टायरवरून आलेल्या माणसाला नवा गोल टायर सुरुवातीला 'पडतोय' असं वाटतं. खरं तर गाडी परत नीट वळायला लागलेली असते. दुकानातून निघाल्यावर थेट पावसात ताम्हिणी गाठू नका एवढंच.

हवा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा: खिशात मावणारा हवेचा गेज घ्या. टायरच्या किमतीच्या मानाने तो फुकटात पडतो.

किती हवा भरायची ते चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या कागदावर आणि गाडीच्या पुस्तकात असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा तो नव्हे. तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. त्या कागदावर मागच्या चाकासाठी बहुधा दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी आणि एक मागे माणूस असताना. दुसरा आकडा आपण सगळेच विसरतो. माझा मधला पट्टा नुसता सरळ रस्त्याने पडला नाही, त्याला मागे माणूस आणि सामान असताना एकट्याच्या हवेवर केलेल्या प्रवासांनी हातभार लावला. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि सुटतो, आत तापतो, आणि तापलेलं रबर लवकर झिजतं. हवा जास्त भरली तर उलट मधलाच भाग रस्त्याला टेकतो, पकड कमी होते आणि खड्डा थेट कमरेला कळतो.

मोजायची ती थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. सकाळी पार्किंगमध्ये, चहाच्या आधी. कारण हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो: दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय (गेजवर दिसणारं दाबाचं माप). घरून ३२ भरून निघालात, तासाभराने पंपावर मोजली तर ३५ दाखवेल. तिथला मुलगा म्हणेल, "जास्त आहे, काढू का?" आणि ३२ वर आणून ठेवेल. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९ च असते. गरम टायरमधून हवा काढायची नाही, हा नियम पाठ करा. पंपावरच भरायची वेळ आली तर आपल्या गेजने मोजून, हवी त्यापेक्षा तीन-चार जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकी करा.

दर आठवड्याला एकदा मोजायची, आणि लांबच्या प्रवासात रोज सकाळी. मोजून झाल्यावर व्हॉल्व्हचं टोपण लावायला विसरू नका. धूळ आत गेली की पिनेतून हवा झिरपते. टोपणाच्या जागी बसणारे दाब दाखवणारे सेन्सर हल्ली लोक लावतात. ते रबरी व्हॉल्व्हवर वजन टाकतात, लावायचेच असतील तर आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

नायट्रोजनबद्दल: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट भरून देत असतील तर नाही म्हणू नका. नाहीतर तेच पैसे गेजला.

महिन्यातून एकदा

गाडी मेन स्टँडवर घ्या. स्टँड नसेल तर कुणाला तरी सांगून पुढे ढकलत न्या. चाक फिरवत खिळे, काचा, चरांत अडकलेली खडी काढा. मग झीज वाचा.

नक्षीच्या चरांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूवरच्या 'टीडब्ल्यूआय' (झीज दाखवणारी खूण) या अक्षरांच्या किंवा त्रिकोणाच्या समोर. मधला भाग त्या उंचवट्याला भिडला की टायर संपला. कडेला कितीही नक्षी असो. मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला चराची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात पावसाळा समोर असताना ०.८ ची वाट बघू नये. मे महिन्यात दीड मिलिमीटर उरली असेल तर तेव्हाच बदला.

मधोमध सपाट पट्टा हा क्रूझरचा नेहमीचा आजार. एकाच बाजूची झीज असेल तर चाक तिरकं बसलंय. पुढच्या टायरवर हात फिरवताना लाटांसारखे चढउतार लागले तर बहुधा हवा सतत कमी राहिली आहे किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले आहेत. बाजूला बारीक तडे दिसले तर ते वयाचे आणि उन्हाचे. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणत्या माणसाला दाखवावा, आणि दहा वर्षं झाली की नक्षी नवीकोरी असली तरी काढून टाकावा. रविवारपुरती बाहेर निघणारी क्रूझर इथेच फसवते. बाजूला फुगवटा आला असेल तर वाट न बघता काढा. आतले धागे तुटलेले असतात.

धुलाई केंद्रावर गाडी दिलीत तर एक वाक्य आधी सांगा: टायरला चकाकी लावू नका. नेहमी 'फक्त बाजूला लावतो' म्हणतात, पण फडकं माथ्यावरून फिरतंच. चेनला तेल रात्री, गाडी आणून लावल्यावर मारा आणि जादाचं पुसून टाका. सकाळी मारून निघालात तर ते मागच्या टायरवर उडतं.

पंक्चर झालं तर

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला म्हणून लगेच उपसू नका. बऱ्याचदा तोच बूच असतो. किट हातात आल्यावर काढा. भोक कानशीसारख्या हत्याराने आतून खरवडा, सोल्युशन लावलेली पट्टी सुईत ओवून ढकला, दोन्ही शेपट्या थोड्या बाहेर राहतील अशी सुई ओढून घ्या, शेपट्या कापा, हवा भरा आणि थुंकी लावून बुडबुडे बघा. ही मलमपट्टी झाली, शहर गाठेपर्यंत चालवायची. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) लावून घ्या. भोक बाजूच्या भिंतीत असेल तर कसलीच पट्टी चालत नाही, टायर बदलायचा.

ट्यूबची गाडी असेल तर हवा क्षणात जाते. मागचा टायर गेला तर गाडी शेपटीसारखी हलायला लागते. ब्रेकवर तुटून न पडता ॲक्सिलरेटर सोडा आणि सरळ रेषेत थांबा. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही मापांच्या ट्यूब पिशवीत ठेवा. पंक्चरवाला चार किलोमीटरवर भेटेल, १५ इंची ट्यूब भेटेलच असं नाही.

पावसाळा, आणि पावसाळ्यातली सुट्टी

पहिल्या सरी सगळ्यांत वाईट. महिनोन्‌महिने साचलेलं तेल, धूळ आणि रबर यांचा चिखल वर येतो. मुंबई-गोवा रस्त्यावर त्यात लाल माती मिसळते. रस्त्यावरचे पांढरे जाड पट्टे, पुलांच्या लोखंडी पट्ट्या आणि शेणाचा सडा, या तिन्हींवरून गाडी उभी ठेवून, ब्रेक न लावता जा. पावसात 'पकड वाढावी' म्हणून हवा कमी करणारे असतात. तसं करू नका. कमी हवेचा टायर चेपतो, चर मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट राहत नाही.

जूनमध्ये गाडी झाकून दसऱ्यालाच बाहेर काढणार असाल तर हवा नेहमीच्या आकड्यावर भरा, मेन स्टँडवर लावा, आणि स्टँड नसेल तर आठवड्यातून एकदा हातभर पुढे ढकला, म्हणजे एकाच जागी दबून सपाट डाग पडणार नाही. टायरखाली लाकडी फळी ठेवा. पेट्रोल-डिझेल सांडलेल्या फरशीवर उभी करू नका. बाहेर काढताना पहिलं काम गेज, स्टार्टरचं बटण नंतर.

आणि टायर बदलल्यावर जुना दुकानातच सोडणार असाल, तर तुमच्यासमोर त्याच्या कडेला एक आरपार चीर द्यायला सांगा. गोटा टायरवर तापलेल्या पात्याने नक्षी कोरून तो पुन्हा विकणारे आहेत.